भावोजींची कानस

आमच्या भावोजींइतका काळजी करणारा माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात झाला नसेल. कुणीतरी सतत काळजी वाहिल्याशिवाय जग एक दिवससुद्धा धड चालणार नाही, आणि बाकीची माणसं तर अगदीच बेफिकीर, तेव्हा हे काम आता आपल्यालाच करायला हवं, अशा समजुतीने त्यांनी ते अंगावर घेतलेलं होतं. आभाळ भरून आलं की त्यांना नाल्यांची काळजी, ऊन पडलं की नळाच्या पाण्याची. शेजारचं मूल रडलं तर ते का रडतंय, आणि रडत नसलं तर ते का रडत नाही. माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा आईने हळूच विचारलं, "कसे आहेत गं जावई?" ताईने जरा विचार केला आणि म्हणाली, "चांगले आहेत. पण दाराला कडी लावली की ती लागली का ते बघायला परत दार उघडतात." भावोजींना जाऊन आता काही महिने झाले. मी मुळातच सावकाश लिहिणारा, आणि त्यांच्याविषयी लिहायला बसलो की हात आणखीच सावकाश चालतो. चुकीचं काही लिहिलं जाईल अशी भीती वाटते. ही भीती बहुधा त्यांच्याकडूनच माझ्याकडे आली असावी.

"नक्की ना?" हे त्यांचे आवडते शब्द. मी ठाण्याला एका ग्रंथालयात नोकरीला आणि ताई-भावोजी डोंबिवलीला. "रविवारी जेवायला येतो" असं सांगितलं की भावोजी विचारत, "नक्की ना?" मी "नक्की" म्हणे. चपला घालताना पुन्हा, "नक्की ना?" जिना उतरून खाली आलो की वर गॅलरीत भावोजी उभे. "ग्रंथपाल, नक्की ना रे?" मला ते ग्रंथपालच म्हणत. मग शनिवारी ग्रंथालयाच्या फोनवर त्यांचा फोन, आणि ग्रंथालयात मोठ्याने बोलू नये म्हणून मी कुजबुजत "नक्की" म्हणालो की त्या कुजबुजीवरूनच त्यांना नवी शंका. ताई वैतागायची. "अहो, एकदा हो म्हटलंय ना त्याने? माणूस आहे तो. कुलूप आहे का, ओढओढून बघायला?" भावोजींना उपमा पटायची. "कुलूप परवडलं," ते म्हणायचे, "ओढल्यावर कळतं तरी."

त्यांचा कारखाना वागळे इस्टेटमध्ये. घरी परतताना सारं डोंबिवली आगगाडीने जातं, पण भावोजी खोपटच्या डेपोत येऊन एस.टी. धरायचे. वेळ दुप्पट लागायचा. कारण विचारलं तर म्हणायचे, "आगगाडीचा चालक दिसत नाही रे. इथे निदान तो जागा आहे का ते कळतं." त्यामुळे त्यांची जागा ठरलेली, चालकाच्या मागची. डेपोतले सगळे चालक त्यांना ओळखत. शिळफाट्याच्या वळणावर चालकाने नुसती जांभई दिली की मागून आवाज यायचा, "घरी सगळं ठीक ना?" एका चालकाने त्यांना एकदा सरळ सांगितलं, "साहेब, तुम्ही मागे बसलात की बायको मागे बसल्यासारखं वाटतं." भावोजींनी ही स्तुती समजून ताईला मुद्दाम सांगितली.

त्यांचं काम होतं पोलाद टणक करण्याचं. यंत्रातले दाते, दांडे, साचे एकमेकांवर घासून झिजतात. ते झिजू नयेत म्हणून त्यांची फक्त वरची कातडी कठीण करायची आणि आतला गाभा चिवट ठेवायचा. सगळंच कठीण केलं तर काचेसारखं फुटतं, असं ते मला समजावत. यासाठी पोलाद तापवून त्याच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरवायचा. लोणच्याच्या फोडीत मीठ मुरतं तसा, पण कांद्याच्या सालीइतक्याच खोलीपर्यंत. तो मुरला की नाही हे बघायला मोठी यंत्रं असतात, पण जुन्या माणसांचा विश्वास कानशीवर. कानस लावायची. चावली तर पोलाद मऊ, काचेवरून घसरावी तशी सर्रकन सरकली तर टणक. भावोजींच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक बारीक तिकोनी कानस कायम असायची, आणि तिच्यामुळे ताईने आजवर किती खिसे शिवले असतील ते तिचं तिलाच माहीत.

ही कानस कारखान्यातच राहिली असती तर प्रश्न नव्हता. पण भावोजींना जगातली कुठलीही धातूची वस्तू दिसली की तिची काळजी वाटायची. ते बसथांब्याचे खांब बघत, देवळाच्या घंटेची साखळी बघत, पाळणाघराच्या फाटकाची बिजागरी बघत. मला मुलगी दाखवायला कल्याणला नेलं तेव्हा ते वडीलधारे म्हणून बरोबर होते. पोहे आले, मुलगी आली, तिच्या वडिलांनी मला "वाचनाची आवड आहे म्हणे" असं विचारलं, आणि त्याच वेळी खिडकीकडून 'कर्र' असा आवाज झाला. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. भावोजी खिडकीच्या गजाला कानस लावून उभे होते. "गज फार मऊ आहेत हो," ते खऱ्या कळकळीने म्हणाले, "घरात लग्नाची मुलगी आहे, म्हणून सांगितलं." मला वाटलं, स्थळ गेलं. पण मुलगी पदर तोंडाला लावून हसत होती, आणि तीच आज माझी बायको आहे. ती अजून म्हणते, "तुम्ही मला पाहिलंत आणि भावोजींनी गज पाहिले. गजांची परीक्षा जास्त नीट झाली." लग्नातही तेच. मंगलाष्टकं चालू असताना भावोजी मांडवात नव्हते. ते मागे आचाऱ्याकडे, साबणाचा फेस करून गॅसच्या नळ्यांना लावत, बुडबुडा येतो का ते बघत बसले होते. आचारी म्हणाला, "पाव्हणं, जिलबी करपतीय." भावोजी म्हणाले, "करपू दे. माणसं राहिली पाहिजेत."

ऐंशी सालानंतर कधीतरी त्यांच्या कारखान्यात प्लाझ्माचं नवं भांडं आलं. माणसाच्या छातीइतकं उंच, जाड पोलादी, त्याला काचेची एक छोटी खिडकी. आतली हवा पंपाने काढून टाकायची, थोडा नायट्रोजन सोडायचा आणि वीज लावायची, की तो वायू पेटल्यासारखा जांभळा होतो आणि आतल्या दात्यांना, दांड्यांना उजेडाची साय धरते. मी एकदा त्या खिडकीतून पाहिलं होतं. बराच वेळ डोळा काढवेना. भावोजींना मात्र त्या भांड्याचा धसका. "आगीची काळजी करता येते, पाण्याची करता येते," ते म्हणाले. "आत काहीच नाही म्हटल्यावर करायची कशाची?" त्यात पंप वरचेवर बिघडायचा. झाकणाखालची रबरी कडी जरा जुनी झाली की बाहेरची हवा आत शिरायची आणि सगळं काम काळं पडायचं. तेव्हापासून भावोजींनी ध्यास घेतला, की हे काम भांड्याशिवाय, पंपाशिवाय, साध्या हवेत करता आलं पाहिजे. मशालीसारखा नायट्रोजनचा झोत धरायचा, वाटेत विजेने तो पेटवायचा आणि हवं तेवढ्याच जागेवर फिरवायचा. ऐकणारे हसायचे. उघड्यावर तापलेलं पोलाद हवेतल्या प्राणवायूने गंजतं, हे शाळकरी पोरालाही ठाऊक. भावोजींना तर ते सगळ्यांत जास्त ठाऊक, कारण ती काळजी त्यांनी आधीच करून ठेवलेली होती.

त्यांचं हे वेड नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एकदम कामाचं झालं, ते बाळकुमच्या एका नाखव्यांमुळे. नाखवा म्हणजे होडीचे धनी. उंच, काळेसावळे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. त्यांच्या होडीचा पंखा फिरवणारा लांब दांडा दर हंगामात झिजायचा. ते कारखान्यात येऊन मालकांना म्हणाले, "शेट, खाडीचा गाल हाय ना, चिखल, त्यान रेती असते. ती खाते त्याला. आमच्या पाड्यान सगल्यांची हीच रड." दांडा जिथे घासतो तेवढी वीतभर जागा टणक केली की काम होणार होतं. पण दांडा भांड्यापेक्षा दुप्पट लांब, मावणार कसा? मालकांनी हात वर केले. भावोजी मात्र तिथेच उभे होते. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच ते कुणाला "नक्की ना?" विचारल्याशिवाय बोलले. "भांड्यात घालायची गरजच नाही," ते म्हणाले, आणि लगेच घाबरून पुढे म्हणाले, "म्हणजे, बहुतेक."

मालक माणूस वाईट नव्हता. त्यांनी आम्लाच्या टाकीमागचा एक कोपरा भावोजींना दिला आणि साफ सांगितलं, की तशाच पोलादाच्या एका आखूड दांड्यावर आधी करून दाखवा. नाखवा स्वतः बघतील. त्यांना पटलं तर पाड्यातल्या सगळ्या होड्यांचं काम येईल, कोपरा तुमचा. नाही पटलं तर हे खूळ बंद, मला तिथे खोकी ठेवायला जागा हवी आहे. भावोजींनी ही अट मला लगेच फोनवर सांगितली. जुन्या वेल्डिंगच्या सामानातून त्यांनी ती मशाल जुळवली. बाहेरची हवा आत घुसू नये म्हणून तिच्या तोंडाला पत्र्याचं टोपरं केलं. नायट्रोजनमध्ये चवीपुरता हायड्रोजन, कारण तो आलेला प्राणवायू खाऊन टाकतो. आणि हायड्रोजन म्हणजे धोका, म्हणून प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस. आमच्या लग्नात आचाऱ्याने ज्यावर डोळे वटारले तो फेस इथे मात्र कुणाला हसण्यासारखा वाटला नाही. त्या दिवसांत भावोजी वाळले. ताई म्हणायची, "जेवतात, पण घास गिळला का म्हणून स्वतःलाच विचारतात." पोलाद कमी तापलं तर नायट्रोजन मुरत नाही, जास्त तापलं तर गाभा बिघडतो. झोत जवळ धरला तर डाग, लांब धरला तर गंज. तुकड्यामागून तुकडे फुकट गेले. कानस चावायचीच.

मग एके दुपारी ग्रंथालयात फोन वाजला. "ग्रंथपाल, सरकली!" मला आधी काही कळेना. "कानस सरकली रे! घसरली! काचेवरून जावी तशी!" मी ग्रंथालयाचा नियम मोडून मोठ्याने "वा!" म्हणालो. थोड्या वेळाने पुन्हा फोन. "परत लावली. परत सरकली." संध्याकाळी पुन्हा, "आत्ताही सरकते आहे." नाखवा त्या शनिवारी येणार होते. तोवर रोज फोन. सकाळी कारखान्यात आल्यावर कानस, चहाआधी कानस, चहानंतर कानस. पोलाद रातोरात मऊ होत नसतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण कडी लागलेली असते हेही त्यांना माहीत असायचंच की. शुक्रवारी ते म्हणाले, "उद्या तू ये. मला एकट्याला भीती वाटते. नक्की ना?"

शनिवारी मी अर्धी रजा काढून गेलो. बाकावरच्या शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, तो नमुन्याचा आखूड दांडा आवळून ठेवलेला होता. चकचकीत पोलादावर मधेच वीतभर करडा पट्टा, पारव्याच्या पाठीसारखा, आणि पट्ट्यावर खडूची एक खूण. मालक होते, दोन-चार कामगार होते. नाखवा आले ते स्वतःची कानस घेऊन, फडक्यात गुंडाळलेली. नाखवा पट्ट्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "मास्तर, कंच्या जागेव लावू?"

भावोजींनी खडूच्या खुणेवर बोट ठेवलं. "इथे लावा. इथली मला खात्री आहे."

नाखव्यांनी कानस टेकवली, कोपर उचललं आणि रेटली. कर्र. बारीक चांदीसारखा कीस बाकावर पडला. नाखव्यांनी पुन्हा, जरा हलक्या हाताने लावली. पुन्हा कर्र.

"मास्तर, चावली," ते हळूच म्हणाले.

मी भावोजींकडे पाहिलं. मला वाटलं होतं ते कोसळतील, निदान वाद तरी घालतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर विलक्षण शांतता होती. जन्मभर ज्या पाहुण्याची धास्ती घेतली तो अखेर दारात येऊन उभा राहिला होता, आणि भावोजींनी त्याला ओळखून आत घेतलं. "मला वाटलंच होतं," एवढंच ते म्हणाले.

नाखव्यांनी जाताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट नका वाटून घेऊ, मास्तर. खाडी काय कुनाला सोडत नाय." मालक म्हणाले, "ठीक आहे. बघितलं आपण." आणि पुढच्या आठवड्यात टाकीमागे खोकी रचलेली होती.

असं का झालं ते उमगलं त्याच संध्याकाळी, खोपटच्या डेपोत. भावोजी गाडीची वाट बघत उभे होते, मी त्यांना सोडायला गेलो होतो. समोरून एक गाडी गेली, त्यांनी चालकाकडे पाहिलंसुद्धा नाही. "ती जागा मीच खाल्ली रे," ते एकदम म्हणाले. मला कळेना. मग त्यांनी सावकाश सांगितलं. हवेतल्या झोताने पोलादावर धरलेली ती टणक साय फार पातळ होती. अंड्याचं कवच असतं तशी, वर टणक आणि खाली मऊ. पाण्यात घासायला ती पुरली असती, होडीच्या दांड्याला कुणी रोज कानस थोडीच लावतं? पण त्यांनी लावली. तीही रोज त्याच एका जागी, कारण एकदा सरकली ती जागा त्यांच्या विश्वासाची झाली होती. दाबून दाबून कवचाला तडे गेले असतील, मग कणाकणाने ते निघून गेलं असेल. आणि नाखव्यांनी विचारलं तेव्हा त्यांनी जगातली नेमकी तीच जागा दाखवली.

"मग बाकीचा पट्टा?" मी विचारलं. "तो तर तसाच आहे ना? दुसऱ्या बाजूला लावून बघा. मी येतो मालकांकडे तुमच्याबरोबर."

"नको."

"अहो, पण का?"

त्यांनी खिशावर हात ठेवला, आत कानस होती. "चावली तर वाईट वाटेल रे," ते म्हणाले. "आणि सरकली तर त्याहून वाईट वाटेल." तेवढ्यात डोंबिवलीची गाडी लागली. ते चढले आणि पार शेवटच्या बाकावर जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी मला "रविवारी येणार ना" हेही विचारलं नाही.

त्यानंतर ते निवृत्त होईपर्यंत त्या भांड्यापाशी इमानाने काम करत राहिले. हळूहळू काळजीही परतली, आणि खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. गजांना पुन्हा कानस लागू लागली, फोन येऊ लागले. पुढे वागळे इस्टेटमधल्या बऱ्याच कारखान्यांसारखा तोही बंद पडला. तो दांडा त्यांनी मालकांना विचारून घरी आणला होता. डोंबिवलीच्या घरी गॅलरीचं दार वाऱ्याने आपटायचं, त्याला टेकू म्हणून ताईने तो लावून टाकला. इतकी वर्षं मी त्या दारातून ये-जा केली, एकदोनदा पायाला ठेचही लागली. पण खाली वाकून काही पाहिलं नाही.

भावोजी गेले ते साध्या तापाचं निमित्त होऊन. दिवस झाले, पाहुणे पांगले. त्यानंतर एका रविवारी मी ताईकडे गेलो होतो. तिने त्यांचे शर्ट काढून ठेवले होते. प्रत्येकाच्या खिशाला आतून ठिगळ. कानस तिने मला दिली. "तू ठेव. मला घरात नको, मी उगाच कशाला तरी लावत बसेन." मी ती घेऊन गॅलरीत जाऊन उभा राहिलो आणि सहज खाली नजर गेली. डोंबिवलीची हवा कारखान्यांची, तिथे खिळासुद्धा पावसाळ्याभरात लाल होतो. दांडा वरपासून खालपर्यंत गंजून गेला होता, हात लावला तर पापुद्रे निघावेत असा. फक्त मधे एक वीत, पारव्याच्या पाठीसारखी करडी, जशी त्या शनिवारी होती तशीच. आणि त्या करड्या पट्ट्यात एकाच ठिकाणी अंगठ्याएवढा लालभडक डाग. मी दांडा फिरवून फिरवून पाहिला. त्या डागाखेरीज सबंध पट्ट्यावर कानशीचा एकही ओरखडा नव्हता.

"तेवढं गंजत नाही ते," ताई मागून म्हणाली. "मी काही घासत-बिसत नाही हं."

"त्यांनी पाहिलं होतं?"

"न पाहायला काय झालं? रोज सकाळी दार उघडताना त्यावरून हात फिरवायचे. मी एकदा म्हटलंसुद्धा, सगळ्या जगाला कानस लावता, याला का नाही? तर म्हणाले, राहू दे. ठीक आहे ते."

कानस माझ्या हातात होती. मी ती खिशात ठेवली.

निघालो तेव्हा ताई जिन्यापर्यंत आली. "पुढच्या रविवारी येतो गं," मी म्हणालो आणि दोन पायऱ्या उतरलो. वर दार लागल्याचा आवाज आला नाही. मान वर केली तर ती कठड्याला धरून तशीच उभी होती.

"नक्की ना?" तिने विचारलं.